इंगम, टली की इनिसफेल? ऊसपट्ट्यातला एक मुक्काम

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातलं टाउन्सव्हिल ते केर्न्स हे ब्रूस हायवेवरचं साधारण ३४५ किलोमीटरचं अंतर बहुतेक जण एका दमात कापतात. दुतर्फा ऊस असतो, पण तो गाडीच्या काचेतूनच पाहिला जातो. हाताशी वेळ असेल तर एक रात्र मध्येच काढा, असं मी आग्रहाने सांगेन. उत्तरेकडे जाताना ११० किलोमीटरवर इंगम लागतं, मग टली आणि शेवटी इनिसफेल. तिथून केर्न्स ९० किलोमीटरच्या आत आहे.

गावाच्या आधी महिना ठरवा. क्वीन्सलंडचा गळीत हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर, आणि त्यातले पहिले तीन-चार महिने तिथले कोरडे, सुखाचे दिवस. डिसेंबर ते एप्रिल धो धो पाऊस. कारखाने थंड असतात आणि पुरात रस्ताही तुटतो. २०२५ च्या फेब्रुवारीत इंगमच्या अलीकडचा ओलेरा क्रीकवरचा पूलच खचला होता.

शेतापासून जहाजापर्यंत साखरेचा प्रवास बघायचा असेल, तर इंगमला तोड नाही. हंगामात यंत्रं उसाच्या कांड्या करत रांगेने पुढे सरकतात आणि जेमतेम दोन फुटी रुळांवरच्या छोट्या गाड्या जाळीचे डबे भरून ऊस व्हिक्टोरिया कारखान्याकडे नेतात. हा देशातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक. तोडलेला ऊस ठेवला की साखर उतरते, म्हणून या गाड्या रात्रीही धावतात. त्यामुळे रूळ ओलांडताना सावध राहा, विशेषतः अंधारात. पूर्वेला सत्तावीस किलोमीटरवर लुसिंडा. तिथला साखरेचा धक्का ५.७६ किलोमीटर समुद्रात गेलाय, कारण किनाऱ्याजवळ पाणी उथळ आहे. कच्ची साखर सरकत्या पट्ट्यावरून थेट जहाजात पडते. धक्क्यावर चालत जाता येत नाही, किनाऱ्यावरूनच बघायचं. पण त्याचं टोक दिसेनासं होतं ते बघायलाच तर जायचं.

दुसऱ्या दिशेला, पश्चिमेकडे, वॉलामन धबधबा आहे. २६८ मीटरची एकच सरळ उडी. सुमारे पन्नास किलोमीटरचा हा रस्ता वळणावळणाचा, चढाचा आहे, त्यामुळे त्याला अर्धा दिवस द्या. तेवढा वेळ नसेल, तर गावाला लागूनच असलेल्या टायटो पाणथळीत सकाळी एक फेरी मारा. तिचं नाव गवतात राहणाऱ्या घुबडावरून पडलंय.

टलीला मुक्काम करू नये, असं माझं मत. तासभर मात्र जरूर थांबा. तिथे ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा आहे. १९५० साली पडलेल्या ७९०० मिलिमीटर पावसाची ती उंची. आतल्या जिन्याने मुलं वर पळत सुटतात आणि एवढा पाऊस म्हणजे किती, हे त्यांना न सांगता कळतं. समुद्रकिनाऱ्यावर रात्र हवी असेल तर टलीऐवजी पंचवीस किलोमीटरवरच्या मिशन बीचला जा. त्या वाटेवर गाडी हळू चालवा, कॅसोवरी नावाचे मोठे, न उडणारे पक्षी अचानक रस्त्यावर येतात.

इनिसफेल वेगळं आहे. इथे कारखान्यापेक्षा गाव बघायचं आणि ऊस पिकवणाऱ्या माणसांची आठवण घेऊन निघायचं. १९१८ च्या चक्रीवादळात गाव उद्ध्वस्त झालं आणि पुढच्या दोन दशकांत आर्ट डेको या त्या काळच्या, भौमितिक नक्षीच्या शैलीत पुन्हा उभं राहिलं. त्या इमारती पायी फिरून बघता येतात. नदीकाठी ऊसतोड्याचा संगमरवरी पुतळा आहे, १९५९ साली इटालियन स्थलांतरितांनी गावाला दिलेला. त्याच्यासमोर थोडं थांबा. या उसासाठी त्यांच्याही आधी, १८६३ पासून चाळीसेक वर्षांत, प्रशांत महासागरातल्या बेटांवरून साठ हजारांवर मजूर आणले गेले होते, त्यातले कित्येक फसवून किंवा जबरदस्तीने. पुतळा बघताना त्यांनाही विसरू नये, असं मला मनापासून वाटतं. जवळच मीना क्रीकला पॅरोनेला पार्क आहे. ऊस तोडायला आलेल्या एका स्पॅनिश माणसाने धबधब्याशेजारी स्वतः किल्ला बांधला आणि १९३५ मध्ये तो लोकांसाठी खुला केला.

एकच रात्र असेल आणि महिना जुलै-ऑगस्ट असेल, तर मी डोळे मिटून इंगम सांगेन. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, चढाच्या वाटा नको असतील किंवा तिथल्या पावसाळ्यात (डिसेंबर ते एप्रिल) निघाला असाल, तर इनिसफेल. पावसाळ्यात निघताना रोज सकाळी रस्त्यांची स्थिती बघा आणि टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.