दिवाळीची खरेदी ऑनलाइन सेलमध्ये आत्ताच उरकायची की दसऱ्यापर्यंत थांबायचं?

गणपती गेले की दुसऱ्या दिवसापासून फोन टणटण वाजायला लागतो, दिवाळी ऑफर, दिवाळी ऑफर. अरे अजून पितृपक्ष चालूय, आमची आई या पंधरवड्यात साधी केरसुणी पण विकत आणत नाही! २०२४ ला तर फ्लिपकार्ट आणि अॅमेझॉन दोघांचे मोठे सेल २६-२७ सप्टेंबरला चालू झाले आणि सर्वपित्री होती २ ऑक्टोबरला, म्हणजे मुहूर्त आता कंपन्याच काढतात.

असो, तुम्हाला ठरवायचंय ना, मग बघा.

मोबाईल, इअरफोन, मिक्सर असलं काही असेल तर सरळ सेलमध्ये घ्या, तेवढी किंमत दुकानदाराला सहसा परवडत नाही. फक्त कार्डाची "१०% सूट" वाचताना खालची बारीक अक्षरं पण वाचा. समजा कमाल १५०० लिहिलंय आणि वस्तू ४०,००० ची आहे, तर सूट चार टक्के पण नाही झाली. आणि नो कॉस्ट ईएमआय म्हणजे अगदी फुकट नसतं बरं का, व्याजावरचा १८% जीएसटी आणि बऱ्याचदा बँकेची प्रोसेसिंग फी आपल्याच बिलात येते.

वॉशिंग मशीन, फ्रिजची गोष्ट वेगळी. मागच्या वर्षी आम्ही ऑनलाइन मशीन मागवलं, स्वस्त पडलं पण बाजूला हा एवढा पोचा, मग फोटो पाठवा, तिकीट नंबर सांगा, बसवायला माणूस आला नऊ दिवसांनी, तोपर्यंत चादरी हातानेच. गल्लीतल्या दुकानात दोन-तीन हजार जास्त गेले असते पण मालकाच्या काउंटरवर जाऊन उभं तरी राहता आलं असतं. शिवाय तिथे घासाघीस होते, जुनं मशीन उचलून नेतात, स्टँड मागून घेता येतो. ऑनलाइनचा भाव दाखवा, बरेच जण थोडं खाली येतात. मॉडेल नंबर मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, काही मॉडेल फक्त ऑनलाइनसाठीच काढलेली असतात.

दुकानवाले पण काही साधू नाहीत हां. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचाच्या वरचे टीव्ही यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वॉशिंग मशीन, फ्रिज आधीपासूनच १८ मध्ये होते, त्यामुळे त्यावर कोणी "जीएसटी बचत" म्हणून पाटी लावली असेल तर हसून पुढे जा.

कपडे? लक्ष्मी रोडला नाहीतर दादरला जाऊन हात लावून घ्या, सेलमधला अंगरखा मापात बसेल याचा काय भरवसा. पण दिवाळीच्या आधीचा रविवार टाळा, पाय ठेवायला जागा नसते.

आणि ते "फक्त २ तास बाकी" वालं घड्याळ मनावर घेऊ नका, नाव बदलून तोच सेल दिवाळीपर्यंत येत राहतो. घरात मुहूर्त पाळत असतील तर दुकानात आत्ता भाव ठरवून बुकिंग करा आणि डिलिव्हरी दसऱ्याला नाहीतर पाडव्याला घ्या, आम्ही यंदा तेच करतोय, आई पण खूश.