ज्याचा विमा, त्याला हेलिकॉप्टर

आम्ही सहाजण होतो आणि एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरच्या लोबुचेच्या त्या रात्री सगळ्यात जास्त आजारी मी होतो. चार वेळा ओकलो, पाचव्यांदा पोटात काही उरलं नव्हतं म्हणून नुसतेच उमासे. सकाळी हेलिकॉप्टर आलं ते मात्र बंड्यासाठी आणि आमच्या सीए मैत्रिणीसाठी. बंड्याचं डोकं दुखत होतं, तिला खोकला होता. मला लसणाचं सूप मिळालं.

त्या दोघांत आणि माझ्यात एकच फरक होता. त्यांनी निघायच्या आधी पदरचे पैसे घालून सहा हजार मीटरपर्यंत चालणारा ट्रेकिंगचा विमा काढला होता. बाकीचे आम्ही ‘पॅकेजमध्ये इन्शुरन्स आहे’ या वाक्यावर समाधानी होतो. (बंड्या हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव घालू नकोस, ऑफिसात चेष्टा होते, असं तो म्हणाला.)

आम्ही नाशिकचे. पावसाळ्यात हरिहर, हिवाळ्यात साल्हेर, आणि वर्षातून एकदा कळसूबाई ठरलेली. बारी गावातून पहाटे निघायचं, शिड्या चढायच्या, देवीला नारळ वाढवायचा आणि दुपारी खाली पिठलं-भाकरी. पंधरा वर्षं हे केलं की माणसाला आपण डोंगरातले जाणते आहोत असं वाटायला लागतं. पण कळसूबाई १६४६ मीटर, आणि एव्हरेस्ट बेस कॅम्प (ईबीसी) ५३६४. नामचे बाजार हे तिथलं बऱ्यापैकी खालचं मुक्कामाचं गाव, तेच कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर आहे. हा हिशोब घरी बसून कुणीही करू शकला असता. आम्ही केला तो पैशांचा.

तीन ठिकाणी चौकशी केली. दोघांनी माणशी सत्तर-पंचाहत्तर हजार सांगितले. तिसरा आमच्या ओळखीतल्या एकाच्या ओळखीचा, नाशिकमधूनच ट्रेकिंगच्या बॅचेस नेणारा. तो म्हणाला अठ्ठेचाळीस, जिथून चालायला सुरुवात होते त्या लुक्ल्याचं विमान धरून. वर ‘दादा, तुमच्यासारख्या अनुभवी ग्रुपला मी काय सांगणार’ हेही म्हणाला, आणि आम्ही फुगलो. पैसे त्याच्या बायकोच्या खात्यावर यूपीआयने गेले. पावती म्हणून व्हॉट्सअॅपवर अंगठा आला.

त्याने पाठवलेल्या पहिल्या पीडीएफमध्ये चौदा दिवस होते. नामचेला दोन रात्री, डिंगबोचेला दोन रात्री, शरीराला उंचीची सवय व्हायला जशा असायला हव्यात तशा. निघायच्या आदल्या रात्री दहा वाजता ‘फायनल इटिनरी’ नावाची दुसरी फाइल आली. ती आमच्यातल्या एकानेही नीट वाचली नाही, मी तर फक्त काठमांडूच्या हॉटेलचं नाव बघितलं. तिच्यात डिंगबोचेची दुसरी रात्र गायब होती. मी जे सगळं आता सांगतोय त्यातली खरी चोरी ही होती. पैसे नंतर गेले. आधी दिवस गेला.

दिवाळी झाल्या झाल्या निघालो. हंगामात लुक्ल्याची बरीचशी विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, म्हणजे रात्री एक-दोनला गाडीत बसून चार-पाच तासांचा घाट. तिथे पोचलो तर वर ढग, विमान नाही. एक दिवस मंथलीत माश्या मारल्या. हे कुणाच्याही वाट्याला येतं, त्यात फसवणूक काही नाही. पण शहाणा माणूस त्यासाठी हातात दोन दिवस जास्तीचे ठेवतो. आमच्याकडे होते ते आधीच कापले गेले होते. त्यामुळे नामचेला पोचल्यावर गाइड म्हणाला, उद्याची विश्रांती रद्द, नाहीतर परतीचं विमान चुकेल. आणि खरं सांगतो, आम्ही खूश झालो. आपण फिट आहोत, बसून काय करायचं, असंच सगळ्यांच्या तोंडी.

गाइड चोवीस-पंचवीसचा पोरगा. हसतमुख, कुणाची सॅक जड झाली तर स्वतः उचलणारा. त्याच्यावर मला आजही पूर्ण रागावता येत नाही. पण त्याने नामचेपर्यंत तीनदा विचारलं होतं, ‘सबका इन्शुरन्स है ना?’ तिसऱ्यांदा विचारल्यावर बंड्याने आणि सीएबाईंनी मोबाइलमधली पॉलिसी उघडून दाखवली. त्याने फोटो काढून घेतले. ‘ऑफिस को भेजना पडता है.’ काळजी घेतोय बिचारा, असं आम्हाला वाटलं.

दुसरी खूण मोंजोला, सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर मिळाली होती. परमिटच्या पावत्या गाइडने घडी करून खिशात घातल्या. सीएबाईंना कागद दिसला आणि त्यांनी तो वाचला नाही असं होत नाही. त्यांनी मागून घेतला. सार्क देशांच्या नागरिकांना तिथलं शुल्क १५०० नेपाळी रुपये आहे, बाकीच्या परदेशी लोकांना ३०००. पावती पंधराशेची होती. नाशिकच्या माणसाने खर्चाच्या तक्त्यात आमच्याकडून तीन हजार लावले होते. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ हा दर पक्का असल्यामुळे फरक माणशी नऊशे-साडेनऊशे रुपयांचा. आम्ही हसलो. हिमालयात येऊन नऊशे रुपयांसाठी कुठे तोंड वाईट करायचं! ज्याने नऊशेत खोटं केलं तो मोठ्या रकमेत काय करेल, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा, हा साधा नियम आहे. आम्ही नामचे ३४४०, तेंगबोचे ३८६०, डिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४० असे सलग चार रात्रीत चढलो. लुक्ल्याला उतरल्यापासून पाचव्या मुक्कामाला लोबुचे. थुक्लाच्या चढावर, जिथे एव्हरेस्टवर गेलेल्यांच्या आठवणीचे दगड रचलेत, तिथे बंड्या दहा पावलांवर थांबत होता. माझं डोकं कुणीतरी आतून ठोकल्यासारखं. रात्री जेवणावर नजर जाताच मी बाहेर पळालो.

गाइडने ऑक्सिमीटर काढला. बंड्याचं बोट घातलं, आकडा ७६. ‘अस्सी के नीचे डेंजर. रात को कुछ भी हो सकता है.’ सीएबाईंचा ७८. त्यांनाही तेच सांगितलं. माझा ७४ आला. त्याने यंत्र झटकलं, म्हणाला, ‘आपका हाथ ठंडा है. सूप पियो, बिस्तारै बिस्तारै ठीक हो जाएगा.’

आता कळतं की पाच हजार मीटरवर बऱ्याच धडधाकट माणसांचाही आकडा सत्तरीच्या पुढच्या घरात असतो, आणि गार बोटावर यंत्र आणखी कमी दाखवतं. आकड्यापेक्षा माणूस बघायचा असतो. नुसतं बसलेला असताना धाप लागतेय का, सरळ रेषेत चालताना झोक जातोय का, बोलण्यात गोंधळ आहे का. यातलं एक जरी असेल तर वाद न घालता लगेच खाली उतरवा, हेलिकॉप्टर मिळालं तर हेलिकॉप्टरने. हे वाचून कुणी खऱ्या आजारात हेलिकॉप्टर नाकारू नये. त्या दोघांना मात्र यातलं काहीही नव्हतं. त्यांना हजार-पाचशे मीटर खाली चालत न्यायला हवं होतं, मला तर त्यांच्याही आधी.

बंड्याच्या बायकोशी फोनवर बोलणंही गाइडनेच केलं. ‘भाभीजी, एक पैसा नहीं लगेगा, इन्शुरन्स देगा.’ इतक्या लांबून ती काय म्हणणार? पाठवा, म्हणाली. सकाळी दोघांनी एका कागदावर सह्या केल्या, त्यावरचा आकडा कुणी पाहिला नाही. विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर पॉलिसीच्या पहिल्याच पानावर होता. तो आमच्यातल्या एकानेही लावला नाही. गाइड म्हणाला, ऑफिसने लावलाय. त्या कंपनीला हेलिकॉप्टरचं कळलं ते दोन दिवसांनी.

हेलिकॉप्टर गेल्यावर मला आमच्या पोर्टर दाइने हाताला धरून खाली फेरिचेला आणलं. ४३७१ मीटर. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३ पासूनचा. हंगामात तिथे डॉक्टर असतात आणि रोज दुपारी तीनला उंचीच्या आजारावर सगळ्यांसाठी माहिती सांगतात. डिंगबोचेहून मधली धार ओलांडली की तो जवळ आहे, पण वर जाताना आमच्या गाइडने त्याचं नावही काढलं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, मग आमचे मुक्काम विचारले. मी एकेक सांगत गेलो तसे त्यांनी बोटांवर मोजले आणि विचारलं, ‘विश्रांतीचा दिवस कुठला?’ मी गप्प. संध्याकाळी दोन वाट्या डाळभात जेवलो. ग्रुपमधली नवरा-बायकोची जोडी मात्र बेस कॅम्पला जाऊन आली. त्यांचा फोटो आहे, आम्ही तो फारसा उघडत नाही.

काठमांडूत जे झालं ते सीएबाईंनी लिहून ठेवलंय, म्हणून नीट सांगता येतं. हेलिकॉप्टर लुक्ल्याला थांबलं, तिथे आणखी दोन परदेशी बसले. चौघं एकाच फेरीत उतरले. अॅम्ब्युलन्स तयार होती. रुग्णालयात सलाइन, एक्स-रे, स्कॅन, दोन रात्री. दुसऱ्या दुपारी बंड्या खाली जाऊन मोमो खाऊन आला, आणि तिसऱ्या दिवशी मिळालेल्या कागदावर ‘फुप्फुसात पाणी’ असं निदान. दरम्यान ‘विम्याच्या कामासाठी’ म्हणून ट्रेकिंग एजन्सीच्या माणसाने दोघांचे मूळ पासपोर्ट नेले होते.

मग विमा कंपनीने कॅशलेस नाकारलं. आधी परवानगी नाही, आणि एक्स-रे तर स्वच्छ. आता बिल आलं. हेलिकॉप्टरचे ४२०० डॉलर. प्रत्येकी. सीएबाईंनी विचारलं, हा फेरीचा दर की खुर्चीचा? ‘पर पेशंट.’ म्हणजे एका फेरीचे पूर्ण पैसे चार वेळा. पैसे नाहीत तर पासपोर्ट नाहीत.

त्या बाईंपुढे मी हात जोडतो. अंगात ताप, खोकला थांबत नाही, आणि तशा अवस्थेत त्या भृकुटीमंडपला टुरिस्ट पोलिसांकडे जाऊन बसल्या. (टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११४४, कुणी जाणार असाल तर आत्ताच मोबाइलमध्ये घाला.) त्यांनी एकच मागणी धरली, त्या फेरीची प्रवाशांची यादी दाखवा. तिथून फोन गेला आणि तासाभरात पासपोर्ट परत आले. यादी शेवटपर्यंत आली नाही. एका फेरीचा दर दोघांत वाटून घ्यायचं ठरलं, माणशी २१०० डॉलर, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास, रुग्णालयाचं वेगळं. खरं तर चौघांत वाटायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी विमान होतं आणि सगळे थकले होते. एजन्सीवाल्यांना हे बरोबर माहीत असतं.

एजन्सीचा मालक पैसे मिळाल्यावर मोकळा बोलला. तुमच्या माणसाने मला माणशी सत्तावीस हजार दिले, म्हणाला. यात विमान, खोल्या, जेवण, गाइड, पोर्टर कसं बसवू? ‘बाकी ऊपर से निकलता है.’ वरून म्हणजे डोंगरावरून, हेलिकॉप्टर आणि रुग्णालयाच्या कमिशनमधून.

हा धंदा नवा नाही, हे परत आल्यावर वाचलं. २०१८ मध्ये नेपाळ सरकारनेच चौकशी करून एजन्सी, हेलिकॉप्टर कंपन्या आणि रुग्णालयं यांची ही साखळी उघड केली होती. जेवणात खायचा सोडा घालून पोट बिघडवल्याच्या तक्रारी तेव्हा बातम्यांत आल्या होत्या. आमच्या बाबतीत सोडा लागला नाही. दोन दिवस काढून घेतले की तेवढं पुरतं.

पॅकेजमधला ‘इन्शुरन्स’ मी नंतर मागून घेतला. साधी अपघात पॉलिसी निघाली, गिर्यारोहण आणि उंचीचे आजार वगळून. म्हणजे मला त्या रात्री खरंच काही झालं असतं तर लसणाच्या सूपाच्या पलीकडे काही नव्हतं.

कुणी जाणार असेल तर नाशिक-पुण्याच्या माणसाला एवढंच विचारा, नेपाळमध्ये प्रत्यक्ष कोण नेणार, आणि त्या एजन्सीशी स्वतः बोला. एजन्सीला किती पैसे पोचणार तेही तोंडावर विचारा, संकोच करू नका. नामचे आणि डिंगबोचेच्या दोन-दोन रात्री कागदावर घ्या आणि शेवटच्या क्षणी आलेली फाइल जुन्या फाइलशेजारी ठेवून वाचा. पॉलिसी गाइडला दाखवू नका. कंपनीला फोन स्वतः करा, नाव आणि वेळ लिहून ठेवा. पासपोर्टची झेरॉक्स द्या, मूळ पासपोर्ट खिशातून काढू नका.

नाशिकच्या माणसाकडे आम्ही सहाही जण गेलो. तो चिडला नाही, चहा मागवला. नेपाळमधल्या गोष्टी माझ्या हातात नाहीत, पण परमिटची चूक माझी, म्हणाला, आणि सहाजणांचे मिळून ५६२५ रुपये तिथल्या तिथे माझ्या खात्यावर टाकले. मी घेतले. ग्राहक आयोगात तक्रार केल्यावर त्याच्या वकिलाने त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट जोडला. खाली शेरा आहे, ‘ईबीसी ग्रुप, फुल अँड फायनल’. तो शेरा त्याने पैसे पाठवतानाच टाकला होता, मी पाहिला नव्हता. पुढची तारीख पडली आहे.