फियाटचा नवा इग्निशन स्विच : आठ महिन्यांनंतर

आमची पद्मिनी १९९१ची, पण घरात तिला सगळे फियाटच म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात तिनं नवी खोड काढली. वीसएक मिनिटं झकास चालायची, मग एखाद्या खड्ड्यात चाक आपटलं की खटकन बंद. दहा मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. गरम होऊन रुसलेली फियाट म्हटल्यावर जो तो एसी पंपावर (इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर) ओलं फडकं टाकायला सांगतो. मीही टाकलं. कंडेन्सर बदलला, पॉइंट (ठिणगी देणाऱ्या कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) बदलले, कार्बोरेटर साफ करून घेतला. खोड गेली नाही.

खरी खूण डॅशवरच होती, मला उशिरा दिसली. पेट्रोल तुटून इंजिन बंद पडलं, तर किल्ली चालूच असते, त्यामुळे चार्जिंगचा लाल दिवा लागतो. माझ्या गाडीत तो लागत नव्हता आणि पेट्रोलचा काटाही खाली पडलेला असायचा. म्हणजे किल्लीच्या, म्हणजेच इग्निशन स्विचच्या, पुढे करंटच जात नव्हता.

वायरमनला बोलावलं. त्यानं कॉइलच्या प्लसला टेस्ट लॅम्प लावला. दिवा लख्ख. "स्विच ओके आहे साहेब." त्याची चूक म्हणवत नाही. तो दिवा अगदी थोडा करंट खातो आणि तेवढा झिजलेल्या कॉन्टॅक्टमधूनही जातो. कॉइल मात्र पॉइंट मिटलेले असताना तीन-चार अँपिअर ओढते. म्हणून पॉइंट मिटतील असं इंजिन हातानं फिरवून ठेवलं, किल्ली चालू केली आणि मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, कॉइलवर ९.३. मधले ३.१ व्होल्ट कुठे गेले? मीटरची एक टोच स्विचच्या बॅटरीच्या टोकाला, दुसरी इग्निशनच्या टोकाला लावली. जवळजवळ सगळे तिथेच. ३ अँपिअर धरले तर स्विचच्या पोटात नऊएक वॉट उष्णता, म्हणजे घरातल्या एलईडी बल्बाइतकी वीज. हात लावला तर स्विचची पाठ चांगलीच तापलेली. (ही तपासणी झटपट उरका. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू राहिली तर कॉइलही तापते.)

खात्रीसाठी बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसपर्यंत फ्यूज घातलेली वायर थेट जोडली आणि कात्रजचा घाट चढून आलो. एकदाही बंद पडली नाही. अशा वेळी किल्लीनं इंजिन बंद होत नाही, वायरच काढावी लागते, हे आधी लक्षात ठेवा.

नवा स्विच नाना पेठेतून साडेतीनशेला आणला. जुना उघडला तर पितळी पट्टीला खड्डा पडलेला, स्प्रिंग मेलेली. तीसेक वर्षं चालला, तक्रार कसली करायची.

आता नव्याबद्दल. बसवला त्या दिवशी स्विचमधली घट ०.१ व्होल्ट होती. दोन महिन्यांनी मोजली तर ०.४. म्हणजे हाही त्याच वाटेनं निघाला होता. तेव्हा कॉइलचा भार रिलेवर (थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणाऱ्या स्विचवर) टाकला. बॅटरीची वायर फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला, ८७ नंबरच्या टोकावरून कॉइल, आणि किल्ली फक्त रिलेला इशारा देते. दीडशे रुपयांचं काम, पण त्यात एक गंमत झाली. किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच! माझ्या गाडीला मागाहून अल्टरनेटर बसवलाय. इंजिन फिरत असताना त्याचा करंट चार्जिंगच्या दिव्यातून उलटा येऊन रिले धरून ठेवत होता. दिव्याच्या वायरीत चार रुपयांचा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) घातला आणि प्रश्न मिटला.

त्यानंतर सहा महिने आणि साधारण २,१०० किलोमीटर झाले. भर पावसात वायपर, दिवे, हॉर्न सगळं चालू असतानाही गाडी एकदाही बंद पडली नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा मोजलं. इंजिन बंद, पॉइंट मिटलेले, तर कॉइलवर १२.२ आले.

स्विच म्हणून मात्र हा काही हिरा नाही. किल्ली भोकात डुगडुगते. दाराची किल्ली वेगळी झाल्यामुळे आता दोन किल्ल्या सांभाळाव्या लागतात. आणि एक दोष गंभीर आहे : थंडीत सकाळी सेल्फ मारल्यावर किल्ली कधीकधी आपोआप मागे येत नाही. लक्ष नसेल तर इंजिन चालू झाल्यावरही सेल्फ अडकून फिरत राहतो. मी आता बोटानं किल्ली मागे घेतो, आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देताना हे आधी सांगतो. घरच्यांना सांगून झालंय, तरी भावानं दोनदा सेल्फ किंचाळवलाच.