टीकिंटर: विजेट पाडून पुन्हा उभं करायचं, की आहे तेच बदलायचं?

नाशिकच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावाचे भाव गाडीवार दाखवणारा पायथॉन-टीकिंटरचा प्रोग्राम धरू. टीकिंटर म्हणजे खिडक्या-बटणांचे प्रोग्राम करायची पायथॉनची लायब्ररी; लेबल, बटण असे पडद्यावरचे घटक म्हणजे विजेट्स.

पहिली पद्धत: भाव बदलला की दर वेळी फ्रेममधली (विजेट्स ठेवायच्या चौकटीतली) सगळी विजेट्स डिस्ट्रॉय करून यादी नव्याने मांडायची. कोड सरळ, पण पडदा लुकलुकतो, आणि कुणी वजन टाइप करत असेल तर एन्ट्रीतला (टाइप करायच्या रकान्यातला) अर्धवट आकडा फोकससकट जातो. डिस्ट्रॉयऐवजी नुसतं पॅक-फर्गेट केलं तर विजेट फक्त दिसेनासं होतं, मेमरीत साचत राहतं.

दुसरी: लेबलं एकदाच करून गाडी नंबरानुसार डिक्शनरीत ठेवायची, भाव बदलला की कॉन्फिगरने टेक्स्ट तेवढं बदलायचं. रोजच्या वापराला हीच बरी. गाडी गेली की ओळ डिस्ट्रॉय करून डिक्शनरीतली नोंदही काढा, नाहीतर पुढच्या कॉन्फिगरला टीसीएल-एरर येणारच.

लूपमध्ये बटणं करताना लॅम्डाला (बटणामागच्या छोट्या फंक्शनला) आय=आय (i=i) द्या, म्हणजे प्रत्येक बटण आपापला क्रमांक धरून ठेवतं. नाहीतर कुठलंही बटण दाबा, काम शेवटच्याच गाडीचं! भाव दुसऱ्या थ्रेडमधून (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागातून) येत असतील तर क्यूमध्ये (रांगेत) टाकून मेन थ्रेडवर आफ्टरने (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या मेथडने) दर २०० मिलिसेकंदांनी उचला. शेकडो ओळी असतील तर लेबलं सोडा, ट्रीव्ह्यू (ओळी-रकान्यांचं तक्त्यासारखं एकच विजेट) घ्या.