आमवातात मेथोट्रेक्सेट की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन?

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते. तिला आवरायला ही दोन्ही औषधं वापरतात, पण त्यांची ताकद सारखी नाही. बोटांचे सांधे सुजलेत, सकाळी तासभर मूठ वळत नाही, अशा वेळी मेथोट्रेक्सेटच आधी. हाडांची झीज तेच रोखतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सौम्य आजारात किंवा जोडीला बरं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं, साधारण ७.५ ते २५ मिग्रॅ. सगळ्यात घातक चूक इथेच होते: गोळी रोज घेतली जाते. मग तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीवावर बेततं. म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्याच, ‘दर रविवारी’ असा. फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ दुसऱ्या वारी. रक्त, यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) यांच्या तपासण्या सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी, नंतर दर तीन महिन्यांनी. दारू टाळा. कोट्रायमोक्सॅझोल हे प्रतिजैविक सोबत नको, दोन्ही मिळून रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दाबतात. गरोदरपणात तर पूर्ण बंद, आणि तेही दिवस राहण्याच्या काही महिने आधीपासून.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालतं. डोस वजनावर ठरतो: दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त ५ मिग्रॅ. ५० किलोच्या बाईला २५० मिग्रॅ ही मर्यादा, म्हणजे २०० ची एकच गोळी, जेवणासोबत. सरसकट ४०० लिहिलं असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, कारण जादा डोस वर्षानुवर्षं गेला की डोळ्याचा पडदा कायमचा बिघडतो. पडद्याची तपासणी पहिल्या वर्षात एकदा, पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याआधीपासूनच.

दोन्हींचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. चौथ्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका.