पान्हा उचलावा की फोन?

बेसिनखालच्या अँगल कॉकमधून, म्हणजे भिंतीतून बेसिनला पाणी देणाऱ्या छोट्या नळातून, पाणी झिरपत होतं. काम किरकोळ होतं. कॉक सोडवायचा, आट्यांवरची जुनी टेफ्लॉन टेप खरवडायची, नवी गुंडाळायची आणि परत बसवायचा. पान्हा होता, टेप होती, रविवारची अख्खी दुपार मोकळी होती. घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, कॉक सोडवला आणि पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर आली. वर्षानुवर्षं कुणी न फिरवलेला तो व्हॉल्व्ह अर्ध्यातच अडकला होता आणि मी तो बंद झाला असं धरून चाललो होतो. कॉक कसाबसा परत पिळून बसवला, तर तो आधीच्या दुप्पट गळायला लागला.

प्लंबर संध्याकाळी आला. त्याने कॉककडे बघितलंसुद्धा नाही. आधी शेजारचा नळ उघडला आणि पाणी थांबतंय का ते पाहिलं. मग मागून पाणी तोडून व्हॉल्व्ह बदलला आणि माझं मूळ काम दहा मिनिटांत उरकलं. टेप गुंडाळायला मलाही येत होतं. त्या कामात काय काय आडवं येऊ शकतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि पैसे मी त्याचेच दिले.

तेव्हापासून 'हे मला जमेल का' हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर टाकलाय. हाताला बरंच काही जमतं. आधी विचारायचं ते हे, की माझी चूक झाली तर ती मला कधी दिसेल? नळ नीट बसला नाही तर पाच मिनिटांत थेंब दिसतो. रंगाचा हात चुकला तर दुसऱ्या दिवशी उजेडात कळतं. सॉकेटच्या मागे वायर सैल राहिली तर महिनोन्महिने काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा जळका वास येत असतो. फरशीखालची गळती तर आपल्याआधी खालच्या मजल्यावरच्यांना कळते. लगेच दिसणारी चूक परवडते, लपून बसणारी परवडत नाही. स्वतः करावं की कारागीर बोलवावा, ही पुढची सगळी तुलना मी याच काट्यावर केली आहे.

पैसे आणि वेळ

स्वतः केलं की मजुरी वाचते, यात वाद नाही. पण अवजारं, एक चुकीच्या मापाचा सुटा भाग, तो बदलून आणायची दुसरी खेप आणि मोडलेली दुपार हे सगळं त्याच हिशोबात धरायचं. सर्वात महाग पडतं ते अर्ध्यात फसलेलं काम, कारण मग आपलं सामानही वाया जातं आणि कारागिराला आधी आपण केलेलं निस्तरावं लागतं. अवजाराच्या बाबतीत मी एवढंच बघतो, की हे पुढच्या वर्षभरात पुन्हा लागेल का. पान्हा, पक्कड, चांगला स्क्रू ड्रायव्हर घ्यावेतच. टाइल कापायचं मशीन एका बाथरूमसाठी विकत घेण्यात अर्थ नाही.

कारागिराच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या मजुरीत येण्याजाण्याचा वेळ असतोच. एक वॉशर बदलायला आला काय नि पाच कामं करायला आला काय, तो वेळ तेवढाच. म्हणून आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. घाई नसलेली कामं त्यावर चढत जातात आणि चार-पाच जमली की मग फोन. त्याच्या हातात दोन-तीन कामं जास्त पडतात, त्यामुळे यायलाही तो टाळाटाळ करत नाही.

पाणी: जे उघड्यावर आहे ते आपलं

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. खाली एक भांडं ठेवून रात्रभराचं पाणी मोजलं, की कारागिराची चार दिवस वाट बघत बसायचं की आजच वॉशर बदलायचा, हे आपोआप ठरतं. नळाचा वॉशर किंवा स्पिंडल, शॉवरची जाळी, फ्लश टाकीतला फ्लोट ही कामं घरी करण्यासारखी आहेत, फक्त पाणी खरोखर बंद झालंय हे दुसरा नळ उघडून बघितल्यावरच.

नवख्यांच्या दोन चुका इथे हमखास होतात. टेप आट्यांच्या तोंडाकडून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, चार-पाच वेढे, म्हणजे फिटिंग पिळताना ती उकलत नाही. आणि बेसिनला जोडणाऱ्या लवचिक पाइपाच्या नटाला टेप लागतच नाही. तिथे पाणी रबरी वॉशरने अडतं, आट्यांनी नव्हे. तो नट हाताने घट्ट करायचा, मग पान्ह्याने जेमतेम पाव फेरा. जोर लावण्यात पुरुषार्थ मानणारे नट तडकवतात, मीही तडकवलेत.

फ्लशची टाकी चोरून गळते का हे बघायला टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकायचा आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. सगळे नळ बंद ठेवून तासाभराने मीटर बघितला आणि आकडा सरकला असेल, तर गळती कुठेतरी आत आहे. इथून पुढे मात्र थांबायचं. भिंतीतला, फरशीखालचा पाइप हे कारागिराचं काम. बाथरूमची फरशी नव्याने करत असाल तर टाइल बसण्याआधी खाली केलेल्या वॉटरप्रूफिंगवर किमान २४ तास पाणी तुंबवून ठेवायला लावा आणि खालून ओल येते का ते बघा. नको म्हणणारा कारागीर असेल तर तो आपल्यालाच नको.

वीज: इथे मी भित्रा आहे

बल्ब, ट्यूब, प्लगटॉप बदलणं सोडा, ते कुणीही करतं. पंख्याचं उदाहरण घेऊ, कारण सीमारेषा तिथून जाते. पंखा हळू फिरतोय, हाताने ढकलला की सुरू होतो, असं असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. त्यावर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असं काहीतरी छापलेलं असतं. नवा त्याच मापाचा हवा. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो, एवढं माहीत असेल, भक्कम शिडी असेल आणि ती धरायला माणूस असेल तर हे काम होतं. यातलं एक जरी नसेल तरी वायरमनला बोलवा. कामापेक्षा शिडी जास्त माणसं पाडते.

टेस्टरवर फार विसंबू नका. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, कुठे तुटली असेल आणि त्या लाइनवर एखादं उपकरण चालू असेल, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत दिवा लागतो आणि माणूस बुचकळ्यात पडतो. त्याहून वाईट म्हणजे टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून वायर मेलेली आहे असं समजणं. दिवा फुटका असू शकतो, किंवा आपण कोरड्या स्टुलावर उभे असल्याने दिवा लागायला हवी ती जमिनीकडची वाटच नसते.

घरगुती हुशारीचा सर्वात घातक नमुना एमसीबीपाशी सापडतो. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडतो, म्हणून कुणीतरी ३२ चा बसवतं आणि त्रास संपतो. एमसीबी हा भिंतीतल्या वायरचा पहारेकरी आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ चा बसवला, की वायर आत तापत राहते आणि पहारेकरी झोपलेला असतो. पडणारा एमसीबी ही तक्रार आहे, ती ऐकायला माणूस बोलवावा. सॉकेटचं प्लॅस्टिक तपकिरी पडत असेल तरी तेच. आत स्क्रू सैल असतो, सैल जोडापाशी विरोध वाढतो आणि उष्णता तिथेच साठते.

आपण करायचं ते एक साधं काम आहे. बोर्डावर आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण काही महिन्यांनी दाबून बघायचं. घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा असतो. बटण दाबूनही पडला नाही, तर तो शोभेला आहे असं समजा.

मायक्रोवेव्हचं बाहेरचं पत्र्याचं आवरण उघडू नका, बंद करून प्लग काढलेला असला तरीही. आतला कपॅसिटर जीव घेण्याइतका भार धरून बसलेला असू शकतो. गॅसच्या बाबतीत साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का एवढंच आपण बघायचं; आले तर गॅस बंद, खिडक्या उघड्या, बटणांना हात नाही, आणि बाहेर जाऊन फोन. यात तुलना करण्यासारखं काही नाही. बऱ्याच देशांत गॅसचं आणि वायरिंगचं काम परवानाधारकानेच करावं असा कायदाही आहे.

भिंती: निदान एकाचं, हात दुसऱ्याचा

ओल आली की लोक रंगाऱ्याला बोलावतात. तो खरवडतो, पुट्टी भरतो, रंग मारतो आणि काही महिन्यांनी पापुद्रे पुन्हा सुटतात. त्याने काम वाईट केलेलं नसतं, त्याला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. आधी हे करा. ओलसर जागा पुसून त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवा आणि २४ तासांनी बघा. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला दव असेल तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर बसतेय. खिडकी उघडा, पंखा लावा, बुरशी पुसा, कुणाला बोलवायची गरज नाही. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते आतून येतंय आणि ते कुठून येतं हे शोधण्याचे पैसे देण्यात काटकसर करू नका, कारण डाग पडतो तिथेच गळती असते असं अजिबात नाही. गळती थांबून भिंत पूर्ण वाळली, की पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंग तुम्ही स्वतः करा. रंगकाम हे मला वाटतं घरी करण्यासारखं सर्वात समाधानाचं काम आहे, आणि चुकलं तर परत मारता येतं.

भेगांचंही तसंच. प्लास्टरमधली केसासारखी भेग भरून टाका. पण दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. दोन महिन्यांत खुणेपुढे गेली किंवा रुंदावली, तर गवंडी किंवा रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. ज्याच्या हातात थापी, त्याला प्रत्येक भेगेत पुट्टीच दिसते.

घर जुनं असेल तर कोरडं घासण्याआधी थांबा. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे तर कापूही नका, भोकही पाडू नका.

दारं आणि बाकीचं

दमट हवेत लाकूड फुगतं आणि दार घासायला लागतं. रंधा मारायची घाई करू नका, कोरड्या दिवसांत तेच दार आक्रसून फट पडते. आधी बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर काडेपेटीच्या तीन-चार काड्या, गुल तोडून, गोंदात बुडवून आत ठोकायच्या, सुकू द्यायच्या आणि मग स्क्रू पिळायचा. काम पंधरा मिनिटांचं आहे. यासाठी सुताराला बोलवाल तर तो येईलही, पण नवी बिजागरी लावून जाईल.

बोलवायचंच ठरलं तर

सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. काढलेला जुना भाग दाखवायला सांगा. भिंत बुजवण्याआधी आतल्या पाइपांचे आणि वायरचे फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे भिंतीत खिळा ठोकताना ते सोन्याच्या मोलाचे ठरतात. दोघांकडून अंदाज घेतला असेल तर कमी आकड्याकडे बघण्याआधी कुणी जास्त प्रश्न विचारले ते आठवा. भाड्याचं घर असेल किंवा उपकरण वॉरंटीत असेल तर पान्हा हातात घेण्याआधी मालकाला विचारा, वॉरंटीचा कागद वाचा.

आणि काम चालू असताना शेजारी उभं राहून बघा, चांगला कारागीर त्याला हरकत घेत नाही. आमच्या त्या प्लंबरनेच जाता जाता सांगितलं, की हा व्हॉल्व्ह सहा महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून उघडत जा, नाहीतर हाही असाच बसेल. कपाटाच्या कागदावर ते वाक्य सगळ्यात वर लिहिलंय. परवा फिरवला तेव्हा शेजारचा नळ उघडून ठेवला होता. धार बारीक झाली, तुटली, आणि मग दोन थेंब पडून थांबली.