चिलीच्या पातेल्यात डार्क चॉकलेट, कोको पावडर, की दोन्ही नको?

चिली नावाच्या, खिम्याच्या किंवा राजम्याच्या तिखट रश्श्यात चॉकलेट घालतात हे ऐकल्यावर आपल्याकडे हमखास विचारले जाते, ‘मग ते गोड लागत नाही का?’ बेताने आणि योग्य जातीचे घातले तर गोड लागत नाही; जेवणाऱ्याला त्यात चॉकलेट आहे हे बहुधा कळतही नाही. कळले, तर एक तर ते प्रमाणाबाहेर पडले आहे, किंवा मिठाईसाठी बनवलेले चॉकलेट रश्श्यात गेले आहे. म्हणून ‘चॉकलेट घालावे का’ यापेक्षा ‘माझ्या पातेल्यात नेमके काय कमी आहे, आणि ते कशाने भरून निघेल’ या प्रश्नापासून सुरुवात केली तर निवड सोपी होते. चिली घरी करून पाहणाऱ्यांसाठी, आणि विशेषतः कपाटात कोकोचा डबा असताना वेगळे डार्क चॉकलेट आणावे की नाही अशा विचारात असलेल्यांसाठी, हा आढावा लिहिला आहे.

चिली कॉन कार्ने हा मूळचा टेक्ससचा पदार्थ. सान अँटोनियो शहरातल्या चौकांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायका संध्याकाळी चुली मांडून तो विकत असत, आणि १९७७ साली टेक्ससने त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून मान्यता दिली. तिथल्या जुन्या वळणाच्या चिलीत मांस, सुक्या मिरच्या, जिरे आणि लसूण एवढेच प्रमुख घटक असतात. तिच्यात राजमासुद्धा चालत नाही, मग चॉकलेट तर दूरच. चॉकलेटची वाट निराळ्या दिशांनी आली आहे. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या ‘मोले पोब्लानो’ या दाट, काळपट रश्श्यात सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, मनुका, मसाले आणि भाजलेला मक्याचा तोर्तिया यांच्या वाटणात थोडे चॉकलेट असते. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात मॅसेडोनियाहून आलेल्या किराजिएफ बंधूंनी १९२२ साली जी चिली विकायला सुरुवात केली, तिच्यात दालचिनी, लवंग यांसारखे गरम मसाले असतात, ती स्पॅगेटीवर वाढतात, आणि त्या धर्तीच्या अनेक घरगुती पाककृतींमध्ये बिनसाखरेचा कोको किंवा चॉकलेट सांगितलेले असते. त्यामुळे आपण जी राजमा घातलेली, टोमॅटोची चिली घरी करतो, तिच्यात चॉकलेट घातल्याने कोणतीही परंपरा मोडत नाही. ती आधीच अनेक हातांनी घडलेली आहे.

आता मूळ मुद्दा. सत्तर टक्क्यांचे डार्क चॉकलेट म्हणजे कोकोचा कडवट कोरडा भाग, कोको बटर आणि साखर या तीन गोष्टींचे एकजीव मिश्रण. वेष्टनावरचा सत्तरचा आकडा पहिल्या दोन गोष्टींचा मिळून असतो, आणि उरलेले तीस टक्के म्हणजे जवळजवळ सगळी साखर. अशा चॉकलेटचे २५ ग्रॅम पातेल्यात टाकले, तर त्यातून साधारण साडेसात ग्रॅम साखर, नऊ-दहा ग्रॅम कोको बटर आणि आठ ग्रॅमच्या आसपास कोरडा कोको रश्श्यात उतरतो. तेवढाच कोरडा कोको बिनसाखरेच्या कोको पावडरीच्या साधारण दीड मोठ्या चमच्यातून मिळतो, पण तिच्याबरोबर साखर मुळीच येत नाही आणि नेहमीच्या पावडरीत स्निग्धांश दहा-बारा टक्केच असल्यामुळे तो ग्रॅमभराच्या घरातच राहतो. दोन्हींमधला खरा फरक एवढाच आहे, आणि निवड याच हिशेबावर करायची आहे. पातेल्याला फक्त कडवट खोली हवी असेल तर पावडर पुरते. खोलीबरोबर स्निग्धपणा आणि किंचित गोडीही हवी असेल तर चॉकलेट.

जिभेवर हा फरक कसा उतरतो हे पाहण्यासाठी एकाच पातेल्यातली चिली तीन वाट्यांत काढून चाखावी, असे मी आवर्जून सुचवेन. मी स्वतः असेच केले आणि त्यानंतर माझे मत पक्के झाले. पहिल्या वाटीत काहीच नव्हते. तिच्यात टोमॅटोचा आंबटपणा सर्वांत आधी पुढे आला, मागोमाग घशाशी मिरचीचा ठसका, आणि या दोहोंच्या मध्ये एक रिकामी जागा जाणवत राहिली, जणू रस्सा अजून मिळून आलेला नाही. दुसऱ्या वाटीत कोमट पाण्यात कालवलेली चिमूटभर कोको पावडर घातली, तेव्हा विटकरी रंग पाहता पाहता गडद तपकिरी झाला, टोमॅटोची धार बसली आणि मधली जागा भरली. मात्र शेवटी किंचित तुरट, कोरडी चव मागे राहिली. तिसऱ्या वाटीत हरभऱ्याच्या दाण्याएवढा चॉकलेटचा तुकडा विरघळवला. चमचा उलटा करून पाहिला तर रस्सा त्याच्या पाठीवर पातळ सायीसारखा धरून राहिला होता. मिरचीचा तिखटपणा स्निग्ध पदार्थात विरघळतो, त्यामुळे या वाटीत तो उशिरा आला, पण आल्यावर बराच वेळ रेंगाळला. तिन्हींपैकी कोणतीही वाटी गोड लागली नाही.

यावरून कोणी काय घ्यावे हे ठरवता येते. चरबीयुक्त मटणाचा खिमा असेल आणि वर तेलाचा तवंग आधीच आला असेल, तर त्यात आणखी दहा ग्रॅम कोको बटर घालण्यात काही अर्थ नाही; तिथे कोको पावडरच योग्य. उलट चिकनचा कमी चरबीचा खिमा असेल, किंवा नुसत्या राजम्याची आणि भाज्यांची शाकाहारी चिली असेल, तर चॉकलेट जास्त उपयोगी पडते, कारण अशा रश्श्यात मांसाची चरबी जे काम करते ते करणारे दुसरे काहीच नसते. शाकाहारी घरांनी या प्रयोगाकडे अधिक गांभीर्याने पाहावे असे मला मनापासून वाटते; राजम्याची चिली बहुतेक वेळा पाणचट आणि आंबट होते, आणि तो दोष चॉकलेटच्या एका वडीने जेवढा झाकला जातो तेवढा आणखी टोमॅटो किंवा आणखी तिखट घालून झाकला जात नाही. फक्त काही डार्क चॉकलेटांत दुधाचे घटकही असतात, तेव्हा दूध वर्ज्य असणाऱ्यांनी वेष्टन वाचून घ्यावे.

प्रमाण म्हणाल तर एक किलो खिम्याच्या चिलीला सत्तर टक्क्यांचे २० ते २५ ग्रॅम चॉकलेट, किंवा एक मोठा चमचा कोको पावडर. पहिल्यांदा करताना याच्या निम्म्याने सुरुवात करावी, दहा मिनिटे उकळू द्यावे, चाखावे, मग उरलेले घालावे. मीठ शेवटी पुन्हा तपासावे, कारण कडवटपणा वाढला की आधी बरोबर वाटलेले मीठ कमी भासू लागते, आणि कित्येक जण त्या वेळी मीठ घालण्याऐवजी साखर घालून पदार्थ बिघडवतात.

घालण्याची वेळ दोघांची वेगळी आहे. कोको पावडरीला मसाल्यासारखे वागवावे. कांदा-लसूण परतून झाल्यावर मिरची पूड आणि जिरेपूड तेलात घालतो, त्याच वेळी आच मंद करून पावडर घालावी, अर्धा मिनिट हलवत राहावे आणि वास सुटताच टोमॅटो किंवा पाणी ओतावे. अर्ध्या मिनिटाचा मिनिट होऊ देऊ नये. कोको मिरची पुडीसारखाच चटकन करपतो, आणि करपलेल्या कोकोचा कडूपणा पुढे कशानेही जात नाही. पावडर थेट उकळत्या रश्श्यात टाकली तर तिच्या गुठळ्या होतात, म्हणून उशिरा घालायची असेल तर थोड्या कोमट पाण्यात कालवून घालावी. चॉकलेट मात्र शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, बारीक चिरून आणि आच कमी करून घालावे. लवकर घातले तर त्यातली साखर आणि कोकोतले पिष्ट बुडाला लागते आणि दर दोन मिनिटांनी पातेले ढवळत बसावे लागते. स्पेनमधल्या कॅटलोनियात बदाम, लसूण, तळलेला पाव आणि कधी कधी चॉकलेट एकत्र कुटून ‘पिकादा’ नावाचे वाटण करतात, तेही रस्सा उतरवण्याच्या थोडे आधीच घालतात. वितळवलेल्या चॉकलेटात पाण्याचा थेंब पडला की ते आळून रवाळ होते हे केक करणाऱ्यांना ठाऊक असते. रश्श्यात पाणी भरपूर असल्यामुळे ती भीती इथे बाळगण्याचे कारण नाही.

कोको पावडरीतही दोन जाती आहेत. साधी पावडर फिकट तपकिरी आणि किंचित आंबट असते. डच पद्धतीची पावडर अल्कलीने संस्कारलेली, गडद आणि चवीला मवाळ असते. डब्यावरच्या घटकांत पोटॅशियम कार्बोनेट किंवा ‘अल्कलाइज्ड’ असा उल्लेख दिसला तर ती डच समजावी. केकमध्ये खाण्याच्या सोड्याशी होणाऱ्या क्रियेमुळे एकीच्या जागी दुसरी वापरताना विचार करावा लागतो. चिलीत सोडा नसतो, त्यामुळे दोन्ही चालतात. तरीही टोमॅटो जास्त असलेल्या चिलीला मी डच पावडर पसंत करते, कारण आंबटात आंबट मिळवण्यापेक्षा ते बरे. विकतच्या ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ नावाच्या पावडरीत निम्म्याहून अधिक साखरच असू शकते. ती इथे चालणार नाही.

चॉकलेट घ्यायचे ठरवले तर एका बाबतीत विशेष सावध राहावे लागते. आपल्याकडे केकचे सामान विकणाऱ्या दुकानांत ‘डार्क कंपाउंड’ नावाच्या मोठ्या लाद्या स्वस्तात मिळतात आणि रंगाने त्या डार्क चॉकलेटसारख्याच दिसतात. त्यांच्यात कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य चरबी असते आणि साखर भरपूर असते. अशी लादी रश्श्यात घातली की गोडपणा ताबडतोब पुढे येतो आणि टाळूला मेणचट थर बसतो; एका दुकानात मागितले डार्क चॉकलेट आणि हातात पडले कंपाउंड, असे माझ्या बाबतीत घडले आहे आणि ते सबंध पातेले त्या दिवशी वाया गेले. घटकांच्या यादीत कोको बटर आहे का आणि साखर कितव्या क्रमांकावर आहे, एवढे पाहिले तरी पुरे. साखर पहिल्या क्रमांकावर असेल तर ते चॉकलेट मुलांना द्यावे आणि चिलीसाठी कोको पावडर वापरावी. ४५-५० टक्क्यांचे चॉकलेटसुद्धा मी टाळते. नव्वद टक्क्यांचे किंवा बिनसाखरेचे मिळाले तर उत्तम, मात्र त्याचे प्रमाण १५ ग्रॅमपर्यंत खाली आणावे. मेक्सिकोत पेयासाठी वापरतात त्या गोल चकत्यांत दालचिनी आणि बरीच साखर असते. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना त्या सहज मिळतात, पण त्या वापरल्यास चिलीत वेगळी दालचिनी किंवा गूळ घालू नये. या चकत्या ज्या दुकानात मिळतात तिथे सुक्या आंचो मिरच्या मिळाल्या तर त्या जरूर घ्याव्यात. त्यांना स्वतःचीच मनुका-कोकोसारखी चव असते, आणि त्या भरपूर वापरल्या तर चॉकलेटची गरज जवळजवळ उरत नाही. इकडे ब्याडगी मिरचीने रंग येतो, पण ती खोली येत नाही. म्हणूनच ब्याडगी वापरून केलेल्या चिलीला कोकोची साथ जास्त मानवते.

दोन्ही नको म्हणण्याचाही एक प्रसंग आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघराशी थेट जोडलेला आहे. चिलीच्या मसाल्यात जिरे, ओरेगॅनो आणि मिरची एवढेच असते. भाजून काळपट केलेले असे त्यात काही नसते, आणि ती उणीव चॉकलेट भरून काढते. आपल्या काळ्या मसाल्यात हे काम खरपूस भाजलेले सुके खोबरे, तीळ, दगडफूल आणि काळा होईपर्यंत भाजलेला कांदा आधीच करत असतात. खानदेशी काळ्या रश्श्यात किंवा गोव्याच्या शागोतीत जो भाजका, किंचित कडसर दाटपणा असतो, तो आणि मोलेतला दाटपणा एकमेकांचे नातेवाईक वाटावेत इतके जवळचे आहेत. दोन्हीकडे तेलबिया, मिरच्या आणि मसाले भाजून वाटले जातात. अशा रश्श्यात चॉकलेट घातले तर भाजक्या चवीवर आणखी एक भाजकी चव बसते आणि खोबऱ्याचा स्वाद दबून जातो. म्हणून चिलीत चॉकलेटचा मी जितका आग्रह धरेन, तितक्याच आग्रहाने सांगेन की मटणाच्या काळ्या किंवा तांबड्या रश्श्यात ते घालू नये. उलट घरात कोको नसेल आणि चिली करायची असेल, तर दोन मोठे चमचे सुके खोबरे गडद तपकिरी होईपर्यंत भाजून, बारीक वाटून घालावे. चव वेगळी होईल, पण मधली रिकामी जागा भरेल. पाव कप कोऱ्या कडक कॉफीनेही कडवटपणा येतो, मात्र दाटपणा येत नाही.

उरलेल्या चिलीचा विचारही आधीच करून ठेवावा, कारण चिली दुसऱ्या दिवशी अधिक मुरते आणि बरेच जण ती त्यासाठीच जास्त करतात. कोको पावडर घातलेली चिली फ्रिजमधून काढल्यावर नुसती गरम केली तरी आदल्या दिवशीसारखी होते. चॉकलेट घातलेली मात्र घट्ट होऊन बसते, कारण कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सियसला वितळते आणि थंडीत कडक होते. तिच्यात अर्धा कप गरम पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर हळूहळू सैल होऊ द्यावी, आणि वाढण्यापूर्वी वरून लिंबू पिळावे.